एकसारखे आणि समान : क्रीडापटांतला गणवेश

आजचं बोलणं कपड्यांवर आहे. खेळावरच्या चित्रपटांत खेळाडू काय घालून उतरतात, आणि त्या कपड्याच्या जोरावर चित्रपट आपल्याकडून काय कबूल करून घेतो, एवढंच बघायचं आहे. पोशाख नेटका आहे की नाही, रंग त्या काळाला धरून आहेत की नाही, ही तपासणी जाणकार करतातच. आम्हाला छळतो तो प्रश्न निराळा आहे. जवळजवळ प्रत्येक क्रीडापटात एक क्षण येतो. एकमेकांशी भांडणारी, पाठ फिरवून बसणारी दहा-पंधरा माणसं एका रंगाचे कपडे घालून रांगेत उभी राहतात, संगीत चढतं आणि आपला गळा दाटून येतो. आमचाही येतो. त्या क्षणी आपण मान्य करून टाकतो की ही माणसं आता एक झाली. एकसारखी झाली, हे तर डोळ्यांना दिसलं. समान कधी झाली?

‘गणवेश’ हा आपला शब्द बघा. गणाचा वेश. आणि ‘वेश’ या शब्दाला मराठीत नेहमीच थोडी संशयाची छटा असते. राजा वेश पालटून नगरात हिंडतो, बहुरूपी फौजदाराचा वेश घेऊन दारात उभा राहतो. वेशाच्या आत दुसरंच कोणीतरी आहे, हे शब्दातच धरलेलं आहे. इंग्रजी ‘युनिफॉर्म’मध्ये ही गंमत नाही, तिथे सगळ्यांचं रूप एक, विषय संपला. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगावर पहिला गणवेश चढला तो खेळाचा नव्हे, शाळेचा. गरीब-श्रीमंत ओळखू येऊ नये म्हणून. आणि गंमत अशी की सरकारी शाळांत कितीतरी वर्षं मोफत गणवेश मिळायचा तो सगळ्या मुलींना, पण मुलग्यांपैकी फक्त अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्यांना. भेद झाकणारं कापड भेदांची यादी वाचून वाटलं जायचं. योजना वाईट होती असं आम्ही म्हणत नाही. ज्याच्या अंगावर धड शर्ट नव्हता त्याला तो मिळाला, ही लहान गोष्ट नाही. पण कोणाचा शिंप्याकडून आला आणि कोणाचा कार्यालयातून, हे कळायला वर्गातल्या पोरांना दोन मिनिटं पुरत.

आता खेळात गणवेश मुळात लागतो कशाला? फुटबॉल घ्या, हॉकी घ्या. पास देणारा खेळाडू समोरच्याचा चेहरा बघत नाही, तेवढा वेळच नसतो. डोळ्याच्या कोपऱ्यात एक रंग हलतो आणि चेंडू तिकडे जातो. विश्वास माणसावर बसण्याआधी रंगावर बसलेला असतो. सार्त्रनं १९६० साली आलेल्या आपल्या द्वंद्वात्मक बुद्धीवरच्या ग्रंथात फुटबॉलच्या संघाचा विचार केला आहे. तिथला मुद्दा सोप्या भाषेत सांगायचा तर खेळाडूच्या आधी त्याची जागा ठरलेली असते. गोलरक्षक येण्यापूर्वी गोलरक्षकाचं काम तिथे हजर असतं. गल्लीतली मुलं हा ग्रंथ न वाचताच हे जाणतात. एक बाजू शर्टात, दुसरी बनियनवर; झाले दोन संघ.

क्रिकेटचं मात्र वेगळं आहे, आणि आजच्या विषयात ते फार कामाचं आहे. क्रिकेटमध्ये दोन्ही बाजू पिढ्यानपिढ्या पांढऱ्याच कपड्यांत खेळल्या आणि कोणाचं काही अडलं नाही. कारण तिथे दोन संघ एकमेकांत मिसळत नाहीत. एकाचे दोघे फलंदाज आत, दुसऱ्याचे अकरा क्षेत्ररक्षणाला. गोंधळ होण्याचं कारणच नाही. म्हणजे क्रिकेटचा पांढरा रंग आपला कोण आणि परका कोण हे सांगण्यासाठी नव्हता. तो खेळणाऱ्याची पायरी सांगायचा. मातीत लोळून पुन्हा पांढरं दिसायचं असेल, तर घरी कपडे धुणारा माणूस असावा लागतो.

हे लक्षात ठेवून ‘लगान’ पुन्हा पाहा. आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट १५ जून २००१ ला आला. काळ १८९३ चा, गाव चंपानेर. कपडे भानू अथैय्यांचे. भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या, राजोपाध्ये घराण्यातल्या, आणि ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. ‘लगान’मध्ये इंग्रजांचा संघ नखशिखांत पांढरा. समोर गावकऱ्यांचे अकरा जण, आणि अकराही जणांचे कपडे वेगवेगळे. लोहार लोहारासारखा, वैद्य वैद्यासारखा, कोंबड्या पाळणारा भुरा भुरासारखा, देवा शिखाच्या वेशात, इस्माईल आपल्या. धोतरं, बंड्या, मुंडाशी, मातकट आणि पांढुरक्या रंगांच्या शंभर छटा. सामना तीन दिवस चालतो आणि चित्रपट त्यांना गणवेश देत नाही.

हे सोपं नव्हतं, हे आपण ओळखलं पाहिजे. धंदेवाईक चित्रपटाचा मोह असा, की शेवटच्या सामन्याआधी गावातल्या बायकांनी रात्रभर जागून अकरा सदरे शिवले असते, एक गाणं झालं असतं आणि सकाळी संघ एका रंगात मैदानावर आला असता. प्रेक्षकांनी टाळ्याही दिल्या असत्या. गोवारीकरांनी आणि अथैय्यांनी तो मोह टाळला. म्हणून त्या संघाकडे बघताना प्रत्येक चेंडूला कोण माणूस, कुठल्या घरातून आलेला, हे दिसत राहतं. संघ झाला तरी माणसं हरवली नाहीत. आम्हाला ‘लगान’मधली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, गाणी, षटकार हे नंतर.

पण याच कपड्यांनी चित्रपटाच्या पटकथेचं एक बिंगही फोडलं आहे. कचरा नावाचा अस्पृश्य गावकरी तुम्हाला आठवत असेल. सराव चालू असताना चेंडू त्याच्यापाशी जातो, तो बिचकत, अधू हातानं परत फेकतो आणि चेंडू वळतो. भुवन त्याला संघात घेतो, गाव बिथरतं, भुवन रामानं शबरीची बोरं खाल्ल्याचा दाखला देतो आणि विरोध वितळतो. पटकथेच्या हिशेबानं अस्पृश्यतेचा प्रश्न तिथे मिटला. आता शेवटच्या दिवसापर्यंत कचऱ्याच्या अंगावर काय आहे ते पाहा. तेच मळकं, विरलेलं कापड. कोणी त्याला आपला जुना सदरा दिलेला नाही. पटकथा म्हणते मिटलं, कापड म्हणतं काही मिटलेलं नाही, आणि आम्ही कापडावर विश्वास ठेवतो. शिवाय कचरा संघात आला तो चेंडू वळतो म्हणून. पहिल्या दिवशी चेंडू नवा होता, वळेना. जुना झाल्यावर वळला आणि बळी मिळाले. वळलाच नसता तर? उपयोगी पडला म्हणून जवळ घेतला, याला समता म्हणायचं का, हा प्रश्न ‘लगान’ उभा करतो आणि षटकाराच्या आवाजात विसरून जातो. सामन्याच्या मधल्या सुट्टीत कचऱ्यानं पाणी कशातून प्यायलं, हे आपण थेटरात बसून विचारलं नाही.

हा प्रश्न आम्ही काढलेला नाही, इतिहासानं काढलेला आहे. ‘लगान’ची कथा ज्या सुमारास घडते, त्याच सुमारास पुण्यात पालवणकर बाळू नावाचा एक तरुण युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी राखण्याचं काम करत होता. पगार महिना चार रुपये. समाज चांभार. डावखुरी फिरकी अशी, की ग्रेग नावाचा नाणावलेला इंग्रज फलंदाज सरावासाठी त्याला तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. बॅट मात्र हातात येत नसे. फलंदाजी हा साहेबांचा मान. पुढे युरोपियनांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी बाळूंना आपल्या संघात घेतलं. इथे आपला मुद्दा नेमका सापडतो. मैदानावर बाळूंच्या अंगावर इतरांसारखेच पांढरे कपडे. त्यांनी टाकलेला चेंडू उच्चवर्णीय खेळाडू हातानं उचलत, झेलत, पुसत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत कपबशीतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यात मिळे, पिऊन झालं की फेकून द्यायच्या. जेवायला ताट वेगळं.

‘लगान’मध्ये कपडे वेगळे आणि गोष्ट म्हणते माणसं समान. पुण्याच्या त्या क्लबात कपडे एकसारखे आणि भांडं वेगळं. दोन्हींतलं खरं कुठलं, हे सांगायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही.

बाळूंची गोष्ट तिथे थांबत नाही. १९०६ साली हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना हरवलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले. हळूहळू चहा आत आला, जेवण एका टेबलावर आलं. राहिलं ते कर्णधारपद. आता क्रिकेटच्या पोशाखाची एक खुबी बघा : फुटबॉलच्या कर्णधाराच्या दंडावर पट्टी असते, क्रिकेटच्या कर्णधाराचा पोशाख अकरा जणांसारखाच असतो. दुरून बघणाऱ्याला तो ओळखू येत नाही. म्हणजे सगळ्यात शेवटपर्यंत अडवून धरलेली गोष्ट ही नेमकी कपड्यात न दिसणारी गोष्ट होती. ती बाळूंना रीतसर कधीच मिळाली नाही. १९२० साली बाळूंना वगळलं तेव्हा त्यांच्या भावांनी, शिवराम आणि विठ्ठल यांनी, संघातून अंग काढून घेतलं, आणि १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. पांढरा कपडा घातल्यापासून तो निर्णय होईपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ गेला. कपडा चढवायला मिनिटभर लागतं, हे आम्ही त्यापुढे मांडून ठेवतो.

थोडं परदेशात जाऊ, कारण पांढऱ्या कपड्याचा सगळ्यात गाजलेला चित्रपट तिकडचा आहे. ह्यू हडसन यांचा ‘चॅरिअट्स ऑफ फायर’, १९८१. समुद्रकाठानं अनवाणी धावणारे पांढऱ्या कपड्यांतले तरुण आणि वँजेलिसचं संगीत. चित्रपट न पाहिलेल्यांनाही हे दृश्य माहीत असतं. वेशभूषेचं ऑस्कर त्या वर्षी या चित्रपटासाठी मिलेना कॅनोनेरो यांना मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह भानूताईंना. आम्हाला या योगायोगाचं नवल वाटतं. एकीनं एकसारखे पांढरे कपडे घडवले, दुसरीनं पुढे अकरा जणांना अकरा वेश दिले.

त्या समुद्रकाठावर सगळे सारखे दिसतात. मग चित्रपट दोन तास खर्च करून सांगतो की हे सारखे नाहीत. हॅरल्ड अब्राहम्स ज्यू आहे. केंब्रिजनं त्याला आत घेतलंय, पण पुरतं आत घेतलेलं नाही, आणि तो धावतो ते त्या अपुरेपणाला उत्तर म्हणून. एरिक लिडेल धर्मोपदेशकाच्या घरचा, तो धावतो ती देवाची सेवा म्हणून. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली आणि लिडेलनं धावायला नकार दिला. वरिष्ठांनी देशाचं नाव घेऊन गळ घातली. तो बधला नाही. चित्रपटात हे त्याला ऐन जहाजावर चढताना कळतं. प्रत्यक्षात काही महिने आधी कळलं होतं. नाट्यासाठी केलेला बदल, चालायचंच. शेवटी अब्राहम्स शंभर मीटर जिंकला, लिडेल चारशे. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो नकार. देशाचा बनियन अंगावर घालायला तयार असलेला माणूस म्हणतो, हा बनियन माझं सगळं विकत घेऊ शकत नाही. आणि चित्रपट त्याला देशद्रोही ठरवत नाही.

आता ‘चक दे! इंडिया’कडे येऊ. शिमित अमीन यांचं दिग्दर्शन, जयदीप साहनी यांचं लेखन, १० ऑगस्ट २००७. हा चित्रपट आम्हाला आवडतो हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकून कोणी रागावणार नाही. मुलींची ओळख करून घेण्याचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. एकेक जण नाव सांगते आणि राज्य सांगते : पंजाब, हरियाणा, झारखंड, मिझोराम. प्रशिक्षक कबीर खान सांगतो, मला राज्यांची नावं ऐकू येत नाहीत, एकाच मुलखाचं नाव ऐकू येतं. शेवटी एकीच्या तोंडून ‘इंडिया’ येतं. थेटरात टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर थोडा हिशेब करू. मागणी सगळ्यांना एकच आहे, राज्याचं नाव सोडा. पण किंमत सारखी आहे का? पंजाबची बलबीर आपलं राज्य सांगते ते ऐटीत. तिच्या राज्याचं नाव हॉकीत प्रत्येकाला माहीत आहे, ती ते सोडते तेव्हा थोडा दिमाख सोडते. मेरी राल्ते मिझोरामची आणि मॉली झिमिक मणिपूरची. त्या दोघींना याच चित्रपटात, दाखल होताना, त्या जणू पाहुण्या असल्यासारखं वागवलं जातं, रस्त्यावर टोमणे ऐकावे लागतात. त्यांच्या राज्याचं नाव दिल्लीत कोणी धड ऐकलेलंच नाही. ते सांगणं ही त्यांची ऐट नाही, ती त्यांची हजेरी आहे. आणि ती उच्चारताक्षणी पुसायला सांगितली जाते. एकाच मापाचा सदरा सगळ्यांना घातला की कोणाला ढगळ होतो, कोणाला काखेत आवळतो. शिंप्याला हे कळतं, प्रशिक्षकाला कळायला हवं होतं.

गंमत म्हणजे चित्रपटाला हे आतून माहीत आहे. त्याची सुरुवातच त्यावर आहे. कबीर खान भारताचा कर्णधार असतो, देशाचा सदरा अंगावर असतो, पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक हुकतो, हस्तांदोलनाचं एक छायाचित्र छापून येतं आणि दुसऱ्या दिवशी घराच्या भिंतीवर ‘गद्दार’ लिहिलेलं असतं. सदरा निळा होता तोवर तो भारतीय होता. एक चेंडू चुकला आणि लोकांना सदऱ्याच्या आतलं नाव दिसायला लागलं. ज्या माणसाला गणवेशानं वाचवलं नाही, तोच सात वर्षांनी परत येऊन मुलींना सांगतो की गणवेशावर विश्वास ठेवा. हा या चित्रपटाचा गाभा आहे, आणि शाहरुख खानच्या डोळ्यांत तो काही ठिकाणी दिसतोही. शब्दांत मात्र येत नाही. आणि संघ खऱ्या अर्थानं जुळतो तो कुठे? सरावाच्या मैदानावर नव्हे. एका खाण्याच्या ठिकाणी, टवाळखोर पोरं ईशान्येच्या मुलींना छेडतात तेव्हा सगळ्या मिळून त्यांना झोडपतात. तिथे एकीला दुसरीचा अपमान आपला वाटला. त्याआधी देशाचं एक नाव सगळ्यांच्या तोंडी आलेलं होतंच. त्यानं हे काम झालं नव्हतं.

‘दंगल’चा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण थोडक्यात. तिथे कपडा म्हणजे बापाचा हुकूम. भावाच्या पँटी कापून मुलींसाठी अर्ध्या चड्ड्या होतात, केस कापले जातात. पुढे गीता अकादमीत जाऊन केस वाढवते, नखं रंगवते, आणि चित्रपट असं सुचवतो की म्हणून ती हरते. हे आम्हाला पटलेलं नाही. नखांच्या रंगानं कुस्ती हरत नाही.

‘८३’ चं प्रकरण वेगळं. दिग्दर्शक कबीर खान; ‘चक दे’मधल्या प्रशिक्षकाचं नावही तेच, तेव्हा घोटाळा नको. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या या चित्रपटात २५ जून १९८३ चा लॉर्ड्सवरचा तो सामना आहे : भारत १८३, वेस्ट इंडीज १४०. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पाठीवर नाव नाही, आकडा नाही. विश्वचषकात रंगीत कपडे आणि पाठीवर नावं १९९२ ला आली. कसोटीत नावं आणि आकडे तर थेट २०१९ च्या ॲशेस मालिकेत. मग १९८३ मध्ये प्रेक्षक खेळाडू कसा ओळखायचा? चालण्यावरून. धावत येण्याच्या लकबीवरून. मोहिंदर अमरनाथांच्या लाल रुमालावरून, हेल्मेट न घालता डोक्यावर टोपी चढवून निवांत येणाऱ्या रिचर्ड्सच्या चालीवरून. कपडा सगळ्यांचा एक असल्यामुळे शरीराला बोलावं लागायचं. शैली म्हणतात ती हीच. पाठीवर नाव आल्यापासून आपण खेळाडू वाचतो. पूर्वी बघत होतो.

‘८३’ चं मोठेपण इथे आहे. नटांना घडवण्याचं काम त्या संघातल्याच बलविंदरसिंग संधूंनी केलं आणि ते दिसतं. कपिलची उडी कपिलची वाटते, श्रीकांतची चुळबूळ श्रीकांतची. टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्धच्या कपिलच्या नाबाद १७५ धावांचं चित्रण उपलब्ध नाही. त्यामुळे तो डाव पडद्यावर उभा करणं हे एक प्रकारे उपकाराचं काम झालं. पण एवढं सोडलं तर चित्रपट देव्हाऱ्यासारखा आहे. आतल्या मूर्तींना हात लावायचा नाही. त्या चौदा जणांत कोणाचं कोणाशी काय बिनसलं होतं, कोणाला बाहेर बसावं लागलं तेव्हा काय वाटलं, याला हसत हसत वळसा घातला जातो. पांढरा कपडा तिथे पुन्हा झाकण्याच्या कामी येतो.

आणि आता ‘झुंड’. नागराज मंजुळे यांचा, ४ मार्च २०२२ ला आलेला. नागपूर. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला आहे. पडद्यावर अमिताभ बच्चन विजय बोराडे होतात. हा चित्रपट लांबला, उत्तरार्धात खेळ सोडून भलतीकडे भरकटला, अशी तक्रार तेव्हा पुष्कळ झाली. आमचं मत नेमकं उलटं आहे. उत्तरार्ध हाच त्या चित्रपटाचा खेळ आहे.

पहिल्यांदा ही मुलं दिसतात ती पावसात, प्लास्टिकचा डबा लाथाडताना. चेंडू नाही, बूट नाहीत, रंग नाही. एका बाजूला महाविद्यालयाचं राखलेलं मैदान, मध्ये भिंत, पलीकडे वस्ती. बोराडे सर आधी पैसे देऊन त्यांना खेळवतात आणि मग पैसे थांबवतात, तेव्हा मुलं आपणहून खेळायला येतात. इथवर हा ओळखीचा क्रीडापट आहे. नेहमीच्या वाटेनं गेला असता तर पुढे संघाला जर्सी मिळाली असती, रांगेतला तो गळा दाटवणारा क्षण आला असता आणि विश्वचषकात गोल झाला असता.

मंजुळे वेगळंच विचारतात. देशाची जर्सी घालायची तर देशाबाहेर जावं लागणार. देशाबाहेर जायचं तर पारपत्र हवं. पारपत्र हवं तर जन्माचा दाखला हवा, पत्ता हवा, पोलिसांची पडताळणी हवी. आणि इथे सगळं अडतं. अंकुश, ज्याला सगळे डॉन म्हणतात, त्याच्या नावावर गुन्हा आहे. रिंकू राजगुरूनं उभी केलेली मोनिका दुर्गम भागातली आदिवासी मुलगी. तिची ओळख सांगणारा कागदच नाही, आणि तिचा बाप तिला घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात हिंडतो. समोर उभी असलेली मुलगी ही तीच आहे हे सिद्ध करायचं आहे, आणि समोर उभं राहणं हा त्याचा पुरावा धरला जात नाही. आम्ही तत्त्वज्ञानात ‘व्यक्तीची तादात्म्यता’ नावाचं प्रकरण शिकवतो. लॉकनं त्यासाठी राजपुत्राचा आत्मा चांभाराच्या शरीरात शिरल्याचं कल्पिलं होतं. मोनिकाच्या बापासाठी तेच प्रकरण खिडकीवरच्या कारकुनाच्या रूपात येतं.

म्हणजे बघा, इतर चित्रपट गृहीत धरतात की सदरा दिला की माणूस देशाचा झाला. ‘झुंड’ क्रम उलटा करतो. सदरा ही शेवटची वस्तू आहे. त्याआधी कागद, कागदाआधी कोणीतरी तुम्हाला ओळखणारा, आणि त्याच्याही आधी तुमची नोंद कुठेतरी झालेली असणं. एकसारखेपण दुकानात मिळतं, सामन्याआधी आठ दिवस सांगितलं की छापून येतं. ओळखीला इतके हेलपाटे का, हे विचारणारा दुसरा क्रीडापट आम्हाला माहीत नाही.

चित्रपटात खोट आहेच. बोराडे सरांचा चांगुलपणा जरा फारच निर्मळ आहे. बच्चनांच्या आवाजात कुठलंही वाक्य आलं की ते भाषण होतं, त्याला कोण काय करणार. मुलं मात्र अस्सल आहेत. त्यांचे केस, त्यांच्या गळ्यातल्या साखळ्या, भडक शर्ट, यांत कोणी वेशभूषाकार लुडबुडल्यासारखं वाटत नाही. शिष्ट लोकांना हा अवतार छपरी वाटतो. आम्हाला त्यात एक हट्ट दिसतो. ज्यांना कोणी गणवेश दिला नाही त्यांनी स्वतःचा करून घेतला, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. ‘लगान’च्या अकरा वेशांशी याचं नातं आहे, फक्त इथे वेश जातीनं किंवा धंद्यानं नेमून दिलेला नाही, पोरांनी निवडलेला आहे. कचऱ्याला ही मुभा नव्हती.

शेवटी मुलं मुंबईच्या विमानतळावर पोचतात. सामना दाखवत नाहीत. विमान उडतं, आणि कॅमेरा विमानात न बसता खालीच राहतो, झोपड्यांमध्ये. धावपट्टी आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत आहे आणि ती ओलांडायला सक्त मनाई आहे असं तिच्यावर लिहिलेलं आहे. आतल्या मुलांनी कुठल्या रंगाचे कपडे घातलेत हे खालून दिसत नाही.

बराच वेळ घेतला. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.